डेन्मार्कचा तिसरा सिंगल्सवाला

प्रश्न नाशिकच्या एका गृहस्थांचा आहे. मुलगा १३ वर्षांचा, चार वर्षं बॅडमिंटन खेळतोय, जिल्ह्यात पहिल्या आठात असतो. ते विचारतात: डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कितीतरी कमी. तरी तिथून ऑलिंपिक विजेते निघतात ते कसे? आणि सुट्टीत मुलाला तिकडच्या दोन आठवड्यांच्या शिबिराला पाठवण्यात अर्थ आहे का? शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: मुलाबरोबर सराव करणारी तिघं मुलं या वर्षी खेळ सोडून गेली, आता त्याला जोडीला कुणी नाही.

मी ठाण्यात पंचवीस वर्षं शिकवतो. त्याआधी १९९८ साली डेन्मार्कच्या फ्युन बेटावरच्या एका गावातल्या क्लबाकडून एक हिवाळा खेळलो, पुढे शिकवायला म्हणून तीन-चार वेळा जाऊन आलो. राष्ट्रीय संघाशी माझा संबंध प्रेक्षकाएवढाच. पण त्या संघात जाणारी मुलं कुठून येतात ते जवळून पाहिलं, म्हणून लिहितो.

गेलो तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती. राज्य पातळीवर नाव होतं, गावातल्या क्लबात आपण राजेच, अशी समजूत. पहिल्याच मंगळवारी मला डबल्सला उभं केलं आणि समोर एक प्लंबर होता. वय पन्नासच्या पुढे, पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. मी माझी नेहमीची शॉर्ट सर्व्हिस केली. त्याचा पुढचा पाय जवळजवळ सर्व्हिसच्या रेषेवर होता आणि रॅकेट आधीच वर. शटल नेट ओलांडतंय न ओलांडतंय तोच त्याने ते नुसतं ढकललं, स्मॅश वगैरे काही नाही, थेट माझ्या पार्टनरच्या उजव्या कमरेवर. पार्टनरने कसंबसं उचललं, पुढे काय व्हायचं ते झालं. पुढच्या सर्व्हिसला तेच, फक्त या वेळी शटल माझ्या बॅकहँडच्या बाजूला, दोघांच्या मधल्या पट्ट्यात. तेव्हा पंधराचा गेम असायचा आणि सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा. आमची सर्व्हिस टिकतच नव्हती, त्यामुळे पहिल्या गेममध्ये आमचे गुण एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. मी वीस वर्षांचा प्लंबरही पाहिला असता तर एवढा हादरलो नसतो.

खेळ संपल्यावर मी त्याला विचारलं, हे कुठे शिकलात? त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "मंगळवारी आणि गुरुवारी." लहानपणापासून त्याच हॉलमध्ये, आठवड्यातून दोनदा, चाळीस वर्षं. देशाच्या संघाच्या जवळपासही तो कधी गेला नव्हता. पण त्या क्लबातल्या सोळा वर्षांच्या पोरांना दर आठवड्याला त्याची ती सर्व्हिस-रिटर्न झेलावी लागायची, फुकटात. जगात डेन्मार्कची डबल्स पहिल्या तीन फटक्यांसाठी नावाजलेली आहे. ती कुठल्या व्हिडिओतून आलेली नाही, अशा प्लंबरांकडून आलेली आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे असा माणूस कुठे असतो? सकाळी सहा ते सातच्या स्लॉटमध्ये, त्याच्याच वयाच्या तिघांबरोबर, चहा कोण पाजणार यावर पैज लावून. आपल्या मुलांची आणि त्याची गाठ कधी पडतच नाही.

दुसरी गोष्ट तिकडच्या सांघिक सामन्यांची. थॉमस कप ही पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा. तिची टाय, म्हणजे दोन संघांमधली लढत, तीन सिंगल्स आणि दोन डबल्सची असते, हे तुम्हाला माहीत असेलच. डेन्मार्कमध्ये खालच्या विभागांतल्या क्लबांची टाय १३ सामन्यांची असायची: दोन मिक्स्ड, दोन महिला सिंगल्स, चार पुरुष सिंगल्स, दोन महिला डबल्स, तीन पुरुष डबल्स. एका संघात सहा पुरुष, चार स्त्रिया. मी आमच्या संघात चौथा सिंगल्स खेळायचो (हो, चौथा, हवा कधीच उतरली होती). आमच्या मिक्स्डमध्ये शाळेत जाणारी मुलगी होती आणि तिसऱ्या डबल्सला तो प्लंबर. एका शनिवारी शेजारच्या गावाशी टाय ६-६ झाली आणि राहिला होता फक्त तिसरा पुरुष डबल्स. आमचा पहिल्या नंबरचा खेळाडू, ज्याने त्या दिवशी आपले दोन्ही सामने सहज जिंकले होते, तो कोर्टाशेजारी फरशीवर मांडी घालून बसला होता आणि प्लंबरने एक-एक शटल उचललं की ओरडत होता. गॅलरीत कुणाच्या तरी आईने केलेला केक विकायला ठेवला होता, तोही सगळे विसरले. जिंकलो की हरलो हे महत्त्वाचं असूनही सांगत नाही, कारण हरलो.

या रचनेचा परिणाम काय होतो ते नीट बघा. ज्या क्लबात एकच चांगला खेळाडू आहे तो क्लब कधीच जिंकू शकत नाही. तेरापैकी सात जिंकायला दहा माणसं लागतात. म्हणजे तुमच्या सर्वांत कच्च्या डबल्स जोडीला शिकवणं ही तुमच्या सर्वांत पक्क्या खेळाडूची गरज होते. क्लबाला आठव्या, नवव्या, दहाव्या माणसाला धरून ठेवावंच लागतं. चांगुलपणाचा इथे काही संबंध नाही, सगळा हिशोब आहे.

आता थोडा इतिहास, कारण ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिली नाही. खेळ इंग्लंडमधून डेन्मार्कला गेला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९३० ची, आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला तेव्हा त्याच्या नऊ संस्थापक देशांत डेन्मार्क होता. १९३९ मध्ये टागे मॅडसेनने ऑल इंग्लंड या जुन्या, मानाच्या स्पर्धेचा सिंगल्स जिंकला. पुढे एर्लंड कॉप्सने तोच किताब सात वेळा घेतला. १९७७ मध्ये माल्मोला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात पुरुषांत फ्लेमिंग डेल्फ्स आणि महिलांत लेने क्यॉपेन, दोन्ही सिंगल्स विजेते डेन्मार्कचेच. क्यॉपेन पुढे दातांची डॉक्टर झाली. मग मॉर्टन फ्रॉस्टचा जमाना, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पौल-एरिक होयरचं सुवर्ण, आणि अलीकडे विक्टर अ‍ॅक्सेलसेनची तोक्यो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन. पुरुष सिंगल्सचं ऑलिंपिक सुवर्ण युरोपात दुसऱ्या कुठल्याही देशाला मिळालेलं नाही.

(खेळाचा उल्लेख निघाला की आपल्याकडचे लोक हमखास सांगतात, हा खेळ मूळचा पुण्याचा, याला पूर्वी 'पूना'च म्हणत. मीही तिकडे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. क्लबातले एक आजोबा म्हणाले, "मग परत न्यायला आलास का?")

या सगळ्यामागे पैसा आहे का? आहे, पण आपल्याला वाटतो तसा नाही. नगरपालिकेचा हॉल हा पाया. साधा, उंच छताचा, लाकडी किंवा रबरी जमिनीचा. त्यावर हँडबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटन सगळ्यांच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत एकमेकींवर. पहिल्या आठवड्यात मी शटल आत की बाहेर हे बघताना हँडबॉलच्या रेषेवरून निर्णय देत होतो. डेन्मार्कच्या कायद्याने अशा हौशी संस्थांना सार्वजनिक हॉल वापरायला मिळतात आणि २५ वर्षांखालच्या सदस्यांच्या खेळासाठी नगरपालिका अनुदान देते. त्यामुळे मुलांची वर्गणी कुणाच्याही आवाक्यात राहते. क्लब कुणाच्या मालकीचा नसतो. सभासद अध्यक्ष निवडतात, खजिनदार बहुधा कुणाचा तरी बाप असतो, आणि लहान मुलांना शिकवणारा प्रशिक्षक म्हणजे वरच्या गटातला सतरा वर्षांचा मुलगा. हिवाळ्यात साडेतीन-चारला अंधार पडतो, बाहेर वारा असा की सायकल ढकलत न्यावी लागते. उजेड आणि ऊब असलेली गावातली एकमेव सार्वजनिक जागा म्हणजे तो हॉल. मुलं तिथे जातात यात नवल काही नाही.

मला त्याहून नवल वाटलं ते मुलांच्या स्पर्धांचं. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेत काय होतं? एकच ड्रॉ. सहा महिन्यांपूर्वी रॅकेट धरलेला मुलगा पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित खेळाडूसमोर उभा राहतो, अठरा मिनिटांत हरतो. सकाळी पाचला उठून आलेले आईवडील दहा वाजता परतीच्या एसटीत असतात. असं तीन वेळा झालं की चौथ्या वेळी प्रवेशिका भरली जात नाही. तिकडे ११ वर्षांखालचे, १३ वर्षांखालचे असे वयोगट तर असतातच, पण प्रत्येक वयोगटात पुन्हा पातळ्या असतात: ड, क, ब, अ आणि त्यावर मास्टर म्हणावी अशी. गुण मिळवत मुलगा खालून वर सरकतो. ड पातळीवरचा मुलगा ड पातळीवाल्याशीच खेळतो, त्यामुळे तो कधी ना कधी जिंकतो. आणि बहुतेक ठिकाणी आधी छोटे गट करून साखळी सामने होतात, म्हणजे एका दिवसात तीन-चार सामने पक्के.

मला आधी हे लाड वाटले. जिंकण्याची भूक मरेल की, असं मी तिथल्या प्रशिक्षिकेला म्हणालो होतो. तिने उलट विचारलं, "तुमच्याकडे बारा वर्षांचा मुलगा चांगला होणार की नाही हे तुम्हाला कळतं?" मी म्हटलं, कळतं. तिने विचारलं, "किती वेळा चुकता?" आता पंचवीस वर्षांनी प्रामाणिकपणे सांगतो, पुष्कळ वेळा. बाराव्या वर्षी जो जिंकतो तो अनेकदा नुसता लवकर उंच झालेला असतो. सतराव्या वर्षी इतर मुलं त्याच्या उंचीला येतात तेव्हा त्याच्याकडे फुटवर्क नसतं. आणि ज्यांच्याकडे होतं, ती मुलं आपण तेराव्या वर्षीच एसटीत बसवून घरी पाठवलेली असतात.

चीन, इंडोनेशिया किंवा भारत, ज्यांच्याकडे मुलंच मुलं आहेत, त्यांना ही चूक परवडते. शंभरातली नव्वद गाळली तरी उरलेल्या दहांतून कुणीतरी निघतो. डेन्मार्कला ते परवडत नाही. त्यांच्या सगळ्या पद्धतीचं मूळ मला तरी या एकाच गोष्टीत दिसतं: छोट्या देशाला चाळणी लावता येत नाही, म्हणून त्याने भांडं मोठं केलं.

वरच्या टोकाला गेलं की चित्र बदलतं, तिथे निवड कठोरच आहे. कोपनहेगनजवळ ब्रॉन्बीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. सिंगल्सवाले, डबल्सवाले, वर येणारी तरुण मुलं, सगळी एकाच छताखाली सराव करतात. पण ते खेळाडू क्लब सोडत नाहीत. लीगच्या टायला तेच लोक आपापल्या क्लबाची जर्सी घालून गावातल्या हॉलमध्ये खेळतात आणि दहा वर्षांची मुलं हात लांबवला तर पोहोचेल इतक्या अंतरावर बसून बघतात. १९८४ च्या कायद्यातून उभी राहिलेली 'टीम डेन्मार्क' ही संस्था उच्च स्तरावरच्या खेळाला पैसा आणि शास्त्रीय मदत देते, आणि त्याच कायद्यात अशी अट आहे की खेळाडू घडवणं हे माणूस म्हणून आणि समाज म्हणून जबाबदारीने व्हावं. कागदावरची वाक्यं आपल्याकडेही कमी नाहीत. पण तिथे शिक्षण आणि खेळ खरोखर बरोबर चालताना दिसतात. १९९७ चा जगज्जेता पीटर रासमुसेन वैद्यकीय शिक्षण घेत होता. ग्लासगोच्या अंतिम सामन्यात तो चीनच्या सुन जुनशी १२४ मिनिटं खेळला, पहिला गेम १६-१७ असा गमावूनही जिंकला, आणि पुढे डॉक्टर झाला.

आता २०१६ ची गोष्ट. माझ्या दृष्टीने हा सगळा विषय एका सामन्यात मावतो तो हा.

थॉमस कपच्या पहिल्याच अंतिम सामन्यात, १९४९ मध्ये, डेन्मार्क मलायाकडून ८-१ असा हरला (तेव्हा टाय नऊ सामन्यांची असायची). त्यानंतर पुन्हा पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि पुन्हा पुन्हा हरले. १९६४ मध्ये तोक्योत तर इंडोनेशियाकडून ५-४. २०१६ पर्यंत आठ अंतिम सामने, आठही पराभव. हा कप आशियाबाहेर कधी गेलाच नव्हता. मे २०१६ मध्ये चीनमधल्या कुन्शानला नववा अंतिम सामना, समोर पुन्हा इंडोनेशिया. अ‍ॅक्सेलसेनने पहिला सिंगल्स काढला. अहसान-सेतियावान जोडीने पहिला डबल्स इंडोनेशियाला दिला. यान योर्गेनसेनने दुसऱ्या सिंगल्सला तरुण गिंटिंगला हरवलं, दुसरा डबल्स परत इंडोनेशियाकडे. २-२.

आणि कोर्टवर आला हान्स-क्रिस्तियान व्हिटिंगहुस, तिसरा सिंगल्स. वय ३०. सिंगल्सला एका देशाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू ऑलिंपिकला जातात. त्या वर्षी रिओसाठी ते दोघे होते अ‍ॅक्सेलसेन आणि योर्गेनसेन. म्हणजे हा देशातला असा माणूस, ज्याला ऑलिंपिकचं दार बंद होतं आणि ज्याच्यावर मोठे प्रायोजक पैसे लावत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही व्यवस्थेत एव्हाना त्याला कुणीतरी सांगितलं असतं, बाळा, आता कोचिंग बघ. समोर वीस वर्षांचा इहसान मौलाना मुस्तोफा.

मी तो सामना घरी मोबाइलवर पाहिला. पहिला गेम २१-१५. दुसऱ्या गेममध्ये व्हिटिंगहुसने काही अचाट केलं नाही. शटल मागे खोल ठेवलं, नेटवर घाई केली नाही, पोराला स्वतःहून चुका करायला वेळ दिला. वर्षानुवर्षं स्वतःपेक्षा वरच्या खेळाडूंसमोर स्पारिंगला, म्हणजे सरावाचे सामने खेळायला, उभ्या राहिलेल्या माणसाचा तो संयम होता. २१-७. तो कोर्टवर आडवा झाला आणि बाकीचा संघ त्याच्यावर. अ‍ॅक्सेलसेन त्या ढिगात कुठेतरी खाली होता.

अ‍ॅक्सेलसेन कसा घडला हे मला नेहमी विचारलं जातं. तो ओडेन्सचा, म्हणजे मी राहिलो त्याच बेटाचा. उंची, शिस्त, चिनी भाषा शिकण्याइतका हट्ट, हे सगळं त्याचं स्वतःचं. तसा खेळाडू पिढीत एखादा येतो, त्याचं श्रेय पद्धतीला देण्यात अर्थ नाही. पद्धतीचं श्रेय म्हणजे व्हिटिंगहुस.

पण सगळं गोड नाही, तेही सांगायला हवं. अ‍ॅक्सेलसेन २०२१ मध्ये ब्रॉन्बी सोडून दुबईला गेला. दमा, अ‍ॅलर्जी, प्रवासाची दगदग, कुटुंब, अशी कारणं त्याने दिली, आणि ती खोटी नाहीत. तिथे त्याने स्वतःच स्पारिंगला जगभरातली मुलं बोलावली. आपला लक्ष्य सेन गेला, सिंगापूरचा लोह कीन यू गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोह जगज्जेता झाला, सिंगापूरचा पहिलाच. अंतिम सामन्यात आपल्या किदांबी श्रीकांतला हरवून. आता विचार करा, एका छताखालच्या स्पारिंगवर उभ्या असलेल्या व्यवस्थेतून तिचा सर्वांत उंच खांबच बाहेर पडला, तर आत राहिलेल्यांना रोज कोण हरवणार? अँडर्स अँटोन्सेनसारखे खेळाडू होते म्हणून निभावलं. पण एका माणसाच्या जाण्याने राष्ट्रीय केंद्र हलतं, हा छोटेपणाचा दुसरा चेहरा.

महिलांच्या बाजूला तर घसरण उघड आहे. २००० साली कामिला मार्टिनने सिडनीत रौप्य जिंकलं, त्याच वर्षी संघ उबेर कपच्या, म्हणजे महिलांच्या थॉमस कपच्या, अंतिम फेरीत होता. टिने बाऊनने २०१३ मध्ये तिसऱ्यांदा ऑल इंग्लंड जिंकलं आणि निवृत्त झाली. त्यानंतर महिला सिंगल्समध्ये त्या तोडीचं कुणी आलेलं नाही. कारणं बरीच सांगतात. मला क्लबात दिसलेलं एक सांगतो: पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुली कमी होतात, आणि मुलांपेक्षा वेगाने. दहाच्या संघात चारच स्त्रिया लागतात, त्यामुळे क्लबाला पाचवी-सहावी मुलगी टिकवायची तेवढी निकड वाटत नाही. मघाशी ज्या रचनेचं मी कौतुक केलं तिचीच ही उणी बाजू. त्यांच्या लोकांना मी हे बोललो आहे, त्यांना ते फारसं आवडलं नाही.

शिवाय त्यांचे प्रशिक्षक बाहेर जातात. पीटर गेड फ्रान्सला गेला, आणि आता युरोपात डेन्मार्कच्या उरावर बसलाय तो फ्रान्सच. मथियास बो आपल्याकडे आला. लंडन ऑलिंपिकचा रौप्यविजेता, त्याने सात्विक आणि चिराग शेट्टीला घडवलं. चिराग मुंबईचा, गोरेगावला उदय पवारांकडे शिकलेला. सर्व्हिस आणि पहिल्या दोन फटक्यांत या जोडीने बोच्या काळात जो फरक केला, तो बघताना मला पदोपदी माझा प्लंबर आठवायचा. उलट दिशेने आपले प्रकाश पदुकोण १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर कोपनहेगनजवळच्या व्हिडोव्र क्लबाकडून खेळायला गेले आणि काही वर्षं तिथेच राहिले. लग्नाच्या हॉलमध्ये खेळ शिकलेल्या माणसाला रोज तगडं स्पारिंग मिळण्याची जागा त्या वेळी भारतात नव्हती, एवढं साधं कारण.

आणि मे २०२२, बँकॉक. थॉमस कपची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध डेन्मार्क. लक्ष्य अ‍ॅक्सेलसेनकडून हरला, सात्विक-चिरागने तिसऱ्या गेममध्ये २२-२० असा डबल्स काढला, श्रीकांतने अँटोन्सेनला हरवलं, दुसरा डबल्स डेन्मार्कने घेतला. २-२. तिसरा सिंगल्स: प्रणॉय, वय २९, कोर्टवर घसरून घोटा दुखावलेला, रास्मुस गेमकेविरुद्ध पहिला गेम १३-२१ असा हरलेला. पुढचे दोन २१-९, २१-१२. कुन्शानमध्ये डेन्मार्कने जो डाव टाकला होता तोच त्यांच्यावर उलटला. प्रणॉयलाही मधल्या काळात संपलेला समजणारे कमी नव्हते. पुढे आपण कप जिंकलो, तेव्हा ठाण्यात आमच्या हॉलमध्ये पेढे वाटले. वाटणाऱ्यांतल्या निम्म्यांना तिसऱ्या सिंगल्सवाल्याचं नाव आठवत नव्हतं.

आता तुमच्या मुलाचं. दोन आठवड्यांच्या शिबिराला पाठवू नका. म्हणजे सहल म्हणून पाठवायचं तर खुशाल पाठवा, देश सुंदर आहे. पण तिकडे शिबिरात जे ड्रिल्स शिकवतात ते इकडेही शिकवतात, मल्टिशटल, म्हणजे एकामागून एक शटल टाकून करायचा सराव, आपल्याकडे तर जास्तच होतो. विमानाच्या तिकिटात डेन्मार्कचा मंगळवार मिळत नाही. मुलगा अठरा-एकोणीसचा झाला, खेळ पक्का झाला, आणि एखाद्या क्लबाने अख्खा हंगाम खेळायला बोलावलं, तर डोळे मिटून पाठवा. तोवर तो पैसा शटलवर घाला. आजच्या भावाने पिसाच्या शटलचे किती डबे येतील ते तुम्हीच मोजा.

नाशिकमध्येच करता येण्यासारखं एक सांगतो, मी ठाण्यात गेली सहा वर्षं करतोय. तीन क्लब किंवा अकॅडमी गाठा. प्रत्येकी आठ-दहा जणांचा संघ करा, वय मिसळून: दोन मुली, तीन मुलं, दोन कॉलेजवाले, आणि सकाळच्या बॅचमधले दोन काका. काका हवेतच, त्यांच्याशिवाय मजा नाही. महिन्यातून एका रविवारी टाय, नऊ किंवा अकरा सामने, पंच मुलांनीच व्हायचं, शटल ज्याच्या हॉलवर सामना त्याचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका अकॅडमीचे मालक चिडले, आमची मुलं तुम्ही पळवाल म्हणून. त्यांना टायच्या दिवशी चहाला बोलावलं, आता त्यांचाच संघ वर आहे. अकॅडमीवाले तयार झाले नाहीत तर सोसायटीच्या कोर्टावर सुरू करा, वारा नसेल अशी सकाळ बघून.

आणि ती सोडून गेलेली तिघं. नववीत गेली म्हणून सोडली असणार, क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच आली असणार. आठवड्याला सहा दिवसांची बॅच त्यांना जमणार नाही आणि अकॅडमी दोन दिवसांची फी घेत नाही, हे मला न विचारता कळतं. तुम्ही अकॅडमीवाल्यांशी बोला, मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ एक कोर्ट दीड तास भाड्याने मागा, चौघांत भाडं वाटून घ्या. तिघांतला सगळ्यात कच्चा कोण होता तेवढं मुलाला विचारून ठेवा, आणि पहिला फोन त्याच्या घरी करा.